मनोऱ्याची वरची जागा

शेजारच्या चर्चच्या नव्या मनोऱ्याला जादा उंचीची परवानगी मिळाली, तरी अंधेरीतल्या त्या चाळीत कुणी चकार शब्द काढला नाही. रत्नप्रभाला तेव्हाच कळलं, पाणी मुरतंय! परवापर्यंत हीच माणसं ‘वाळवणाला ऊन उरणार नाही’ म्हणून बोंबलत होती. फादरनी काय चारलं यांना?

तिने नवऱ्यालाच फैलावर घेतलं. “खरं सांगा, तुम्हीही फितलात ना?”

नंदूने मान खाली घातली. “मनोरा झाला की चाळीतल्या सगळ्यांचे अँटेना वर लावू देणार आहेत फादर. चित्र झकास येईल.”

रत्नप्रभाने मुंग्या आलेल्या टीव्हीकडे बघितलं.

“मग बसलात काय? आत्ताच जाऊन सगळ्यात वरची जागा धरा. हे मेले शेजारी आपल्याला खालची ठेवतील!”