मांडीवर ऊन येईपर्यंत

मी एक जुना लाकडी बंगला आहे, आणि मला बांधणारा माणूस दगडांच्या गावाहून आला होता. त्याचं नाव ड्यूगल रेनी. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन शहरात तो एका वास्तुविशारदाच्या हाताखाली शिकला. तिथली घरं ग्रॅनाइटची, रस्ते ग्रॅनाइटचे आणि, त्याची बायको पुढे म्हणायची त्याप्रमाणे, माणसांची डोकीही ग्रॅनाइटचीच. शिकून झालं तरी त्याला तिथे काम मिळेना. दगडाचं घर एकदा उभं राहिलं की नातवंडांपर्यंत कुणी नवं मागत नाही. म्हणून तो राणीच्या राज्यातला नवा मुलूख गाठायला जहाजात बसला आणि न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला, पोर्ट लेनॉक्स नावाच्या बंदरात उतरला.

मित्रांनो, माझा जन्म त्या जहाजातच झाला म्हणा ना. अख्ख्या प्रवासात ड्यूगलला दुसरं काम नव्हतं. गुडघ्यावर फळी ठेवून त्याने माझा नकाशा काढला. पुढची मोठी खोली त्याने आपल्या आईसाठी राखली. तिच्या ॲबर्डीनच्या खोलीचीच लांबीरुंदी, तशीच भिंतीतली शेगडी, तशीच पुढे आलेली मोठी खिडकी आणि खिडकीत तिची खुर्ची मावेल एवढी जागा. बाप लहानपणीच गेला होता. आईने लोकांचे कपडे शिवून त्याला शिकवलं होतं. आपलं बस्तान बसलं की तिला बोलवायचं, आणि परक्या मुलखात पहिल्याच दिवशी तिला आपल्या घरी आल्यासारखं वाटावं, ही त्याची इच्छा. त्या खिडकीचं तोंड त्याने दक्षिणेला, रस्त्याच्या बाजूला ठेवलं. त्याच्या देशात ऊन दक्षिणेकडून येतं, आणि शहाणा माणूस चांगली खोली दक्षिणेलाच ठेवतो.

आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं.

ड्यूगलला हे ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेत भूगोल शिकला होता. पण हाताला लागलेली सवय भूगोल शिकून सुटत नाही. त्यात मला बांधलं जानेवारीत, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यात. तेव्हा सूर्य इतकी लांबची फेरी मारतो की सकाळ-संध्याकाळ दक्षिणेच्या खिडकीतही डोकावून जातो. सुतारही स्कॉटलंडचेच होते. फळ्या ठोकता ठोकता ते म्हणाले, "काय उजेड आहे हो साहेब या खोलीत!" मीही फुगून गेलो.

मे महिना आला आणि ती खोली विझली. ऊन माझ्या पाठीमागे, भांडी घासायच्या खोलीच्या छपरावर पडायचं. पुढे मात्र सकाळी दव, दुपारीही दव, आणि वर दक्षिणेचा वारा. हा वारा थेट ध्रुवाच्या बर्फावरून निघतो आणि वाटेत कुठे थांबत नाही. एके दिवशी ड्यूगल खोलीच्या मधोमध उभा राहिला. मग बाहेर गेला, माझ्याभोवती एक चक्कर मारली, वर बघितलं, आत आला आणि पडदे ओढून घेतले. त्याला सगळं समजलं होतं. पण तो कुणाला काही बोलला नाही.

असं करून बसलेला गावात तो एकटाच नव्हता. निम्म्या घरांची तोंडं माझ्यासारखीच होती, म्हणून कुणी कुणाला हसत नव्हतं. पुढची कामं मात्र ड्यूगलने वेगळी केली. बँक, शाळा, पाद्रीबाबांचं घर, वखारवाल्याचा बंगला, सगळ्यांच्या चांगल्या खोल्या त्याने उत्तरेला काढल्या. ज्याला दगडाचीच घरं ठाऊक होती, त्या माणसाला लाकूड वश झालं. लोक म्हणू लागले, "घर बांधायचं तर रेनीकडून. हिवाळ्यात कोळसा निम्मा लागतो." ही अक्कल त्याला माझ्यामुळे आली होती. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही तशी अपेक्षा ठेवली नाही.

त्याने लग्न केलं ते गावातल्या बेकरीवाल्याच्या मुलीशी, इसोबेलशी. ती भट्टीच्या उबेत वाढलेली. पुढच्या खोलीत तिने आठवडाभर बसून पाहिलं आणि खुर्ची उचलून मागे स्वयंपाकघरात नेली.

"रेनी," ती म्हणायची, "गावाला ऊन वाटतोस आणि बायकोला बुरशी?"

"ती खोली आईची आहे."

"मग आई येईपर्यंत तिच्यात मटण ठेवू या. टिकेल तरी."

ड्यूगल हातमोजे घालून त्याच खोलीत टेबलावर ओणवा बसायचा आणि दुसऱ्यांची उबदार घरं काढायचा. मला त्याची कीव आली असं मी म्हणणार नाही. पण हातमोजे काढले की त्याच्या बोटांचा निळा रंग मला दिसायचा.

अशी बरीच वर्षं गेली आणि एका एप्रिलात आई आली. एल्स्पेथबाई ताठ पाठीच्या आणि चर्चच्या कडक शिस्तीतल्या होत्या. रविवारी कुणी शीळ घातली तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. खोटं बोलणं हा विषयच त्यांच्याकडे नव्हता. पहिल्याच रविवारी पाद्रीबाबांनी दारात विचारलं, "प्रवचन कसं वाटलं, बाई?" त्या म्हणाल्या, "लांबलं. मधे संपत आलं होतं, तेव्हाच थांबायला हवं होतंत." सुनेला सासू तिथेच आवडली.

खोली पाहून मात्र बाईंचे डोळे भरून आले. खिडकीच्या चौकटीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "अगदी माझीच खोली रे, ड्यूगल." खुर्ची खिडकीत ठेवली, शिवणाची टोपली पायाशी ठेवली आणि त्या उन्हाची वाट पाहू लागल्या.

"सूर्य कुठे आहे रे?" थोड्या दिवसांनी त्यांनी विचारलं.

"येईल, आई. सध्या ढग आहेत."

मे गेला, जून गेला. बाईंच्या अंगावर शालीवर शाल चढत गेली. ड्यूगल सकाळी कामाला जाताना खिडकीकडे न बघता जायचा. इसोबेल मागे लागायची.

"आई, मागे या हो. चुलीजवळ बसा. तिथे ऊनही आहे."

"आणि कुणी आलं की? मुलाने आईसाठी दिवाणखाना बांधला आणि आई भांड्यांपाशी बसते, असं दिसू दे लोकांना? त्याच्या नावाचं काय?"

"नाव गारठत नाही, आई. तुम्ही गारठता."

"मी ॲबर्डीनची आहे," बाई म्हणाल्या, आणि तो विषय संपला.

पण बोटं ॲबर्डीनचं नाव सांगून हलत नाहीत. जुलैत ती सुजली. सुईत दोरा ओवता येईना. तेव्हा एका संध्याकाळी बाईंनी शांतपणे सांगून टाकलं की सप्टेंबरच्या जहाजाने त्या परत जातील. "मला इथे काही कमी नाही," त्या म्हणाल्या. "पण शिवण सुटलं तर मी दिवसभर करू काय?"

त्या वयात त्या प्रवासाचा अर्थ काय, हे सगळ्यांनाच कळत होतं. जहाज ॲबर्डीनला पोचलं असतं. बाई पोचल्या असत्या की नाही, कुणी सांगावं.

त्या रात्री स्वयंपाकघरात नवराबायकोचं वाजलं. बाईंना ऊन द्यायचं तर मला उचलून फिरवायलाच हवं होतं. आमच्या भागात लाकडी घरं अशी हलवत असत, त्यात नवल नव्हतं. पण गावातल्या मोठ्या वास्तुविशारदाचं घर फिरवायचं म्हणजे भर रस्त्यात ओरडून सांगायचं की मी चुकलो. आणि तेव्हाच पोर्ट लेनॉक्सचं नवं नगरभवन कुणी बांधायचं, हे ठरायचं होतं. ड्यूगल जन्मभर त्या एका कामाची वाट पाहत होता. ते दगडाचं होणार होतं.

"स्वतःच्या घरात ज्याला ऊन आणता आलं नाही, त्याच्या हाती नगरभवन कोण देईल?" तो म्हणाला. "निकाल लागू दे. मग लगेच फिरवतो."

"निकाल लागेपर्यंत जहाज सुटलेलं असेल."

"इसोबेल, मी काय करू?"

"ते मला नको विचारूस. खिडकीत बसते ना, तिला विचार."

त्याने विचारलं नाही.

ऑगस्टच्या एका दुपारी महापौर पर्डी आणि समितीची मंडळी चहाला आली. इसोबेलने पहाटेपासून पुढच्या खोलीतली शेगडी भडकवून ठेवली होती. तरी पर्डीसाहेबांनी कोट काढला नाही. बोलताना त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. ओटच्या भाकऱ्या झाल्या, लोणी झालं, चहा झाला, नगरभवनाच्या खांबांवर चर्चाही झाली. पर्डीसाहेब खुशीत होते. काम रेनीकडेच जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग सहज ते खिडकीकडे वळले.

"काय रेनीबाई, लेकाने बांधलेली खोली आवडली ना?"

बाईंनी सुजलेले हात शालीत लपवले.

"झकास आहे," त्या म्हणाल्या. "दुपारी तर ऊन सोसवत नाही."

इसोबेलने हातातली किटली खाली ठेवली. ज्या बाईने पाद्रीबाबांना तोंडावर खरं ऐकवलं होतं, तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं ऐकलं. ते ड्यूगलसाठी होतं. ड्यूगल उभा राहिला.

"आई खोटं बोलते आहे," तो म्हणाला. "या खोलीत ऊन येत नाही. हिवाळ्यात कधीच आलं नाही. नकाशा काढताना माझं उत्तर-दक्षिण चुकलं, आणि मी इतकी वर्षं पडदे ओढून बसलो. आई, ढगांचा काही संबंध नाही. मी तुलाही फसवलं."

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "मे महिन्यातच मागच्या अंगणात जाऊन बघून आले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलायची वाट बघत होते. आता बस खाली, चहा निवतोय. आणि रविवारी मी पाद्रीबाबांना तोंड कसं दाखवू, तेवढं सांग."

पर्डीसाहेबांनी कप ठेवला आणि ते म्हणाले, "रेनी, तुम्ही फार प्रामाणिक माणूस आहात." मित्रांनो, लोक असं म्हणाले की काम गेलं असं समजावं. नगरभवन मेलबर्नहून आलेल्या एका माणसाला मिळालं.

मला फिरवायचा दिवस गावाने सणासारखा साजरा केला. लोक टोपल्या घेऊन आले. इसोबेलच्या वडिलांनी फाटकापाशी गरम पाव विकले. माझं धुराडं आधीच उतरवलं होतं. ज्या बुटक्या लाकडी खांबांवर मी उभा होतो, त्यांवरून मला उचलून ओंडक्यांवर ठेवलं, साखळ्या बांधल्या, आणि तामाटी नावाचा माओरी गाडीवान आपले बैल घेऊन आला. त्याने मला पुढून मागून न्याहाळलं.

"रेनीसाहेब, याला वेसण कुठे घालू?"

सगळे हसले. ड्यूगलही हसला. तो एवढा मोठ्याने हसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

एल्स्पेथबाई काही बाहेर यायला तयार होईनात. "खोली माझी आहे, मी हलणार नाही. ती हलेल," असं म्हणून त्या खिडकीतल्या खुर्चीत बसून राहिल्या. शेवटी तामाटीने बैलांना हाक दिली. माझा सांधा न् सांधा कुरकुरला. बंदर खिडकीतून सरकत गेलं, मग शेजाऱ्यांचं कुंपण गेलं, मग टेकडी दिसू लागली. उन्हाची एक पट्टी चौकटीच्या कोपऱ्यातून आत आली. ती जमिनीवर उतरली, बाईंच्या बुटांवर आली, घागऱ्याच्या काठावर चढली आणि मांडीवर पसरली. बाईंनी शालीतून हात बाहेर काढले आणि त्या उन्हात उताणे ठेवले.

"थांबवा!" त्या ओरडल्या.

ड्यूगल धावत खिडकीखाली आला. "काय झालं, आई?"

"काही नाही. आलं ऊन. आता बास."

"अगं, अजून थोडं फिरायचंय. घर रस्त्याशी सरळ रेषेत नाही आलेलं. तिरकं दिसेल."

"मला रेषेचं काय करायचंय?"

ड्यूगलने जमिनीत खुंट्या ठोकून दोरी ताणून ठेवली होती, अगदी बिनचूक. तो त्या दोरीकडे बघत राहिला, मग आईच्या हातांकडे. मग त्याने एकेक खुंटी उपटली.

"सोड बैल, तामाटी," तो म्हणाला.

सप्टेंबरचं जहाज बाईंशिवाय गेलं. त्या पुढे अनेक वर्षं त्या खिडकीत बसल्या आणि निम्म्या गावाचे कपडे शिवले. ड्यूगलला त्यानंतर कुणी सरकारी इमारत दिली नाही. पण चुकीच्या तोंडाच्या घरांचे मालक एकेक करून त्याच्या दारी आले, आणि ती घरं फिरवण्यात आणि नवी काढण्यात त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. नवं घर मागायला कुणी आलं की तो आधी विचारायचा, "घरात सगळ्यात म्हातारं कोण आहे, आणि ते कुठे बसतं?" मग त्या खुर्चीपासून नकाशा सुरू करायचा. नगरभवनाचं शल्य त्याला होतं का? होतं. त्या इमारतीवरून जाताना तो रस्ता ओलांडून पलीकडे जायचा.

मग ती सगळी माणसं गेली. भाडेकरू आले, कोंबड्या आल्या, माझा रंग गेला, छपराचे पत्रे गंजले. आता मला जपायचं असं गावाने ठरवलं आहे. मोजमापाची यंत्रं घेऊन तरुण मंडळी येतात, माझ्याशी फार आदराने वागतात. पण परवा त्यांच्यातला एक जण म्हणाला, "हे तिरकं कसं झालं? पाया खचला असणार. दुरुस्त करताना सरळ करून पुन्हा रस्त्याकडे तोंड करू." बाकीच्यांनी माना हलवल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्यावी असं तुम्हाला शाळेत सांगतात. जरूर घ्या. मला रंग हवा आहे, पत्रे हवे आहेत, कोंबड्या हाकलल्यात तरी माझी हरकत नाही. पण वाकडं काही दिसलं की लगेच सरळ करायला धावू नका. ते कुणासाठी वाकडं झालं, एवढं आधी विचारा. मी रस्त्याशी अगदी सरळ उभा होतो, तेव्हा माझ्यात एक म्हातारी बाई शालीत हात लपवून बसली होती.