उरलेली शाई

थोरलीने बारावीनंतर शिक्षण सोडून कान-नाक टोचायचं आणि अंगावर टॅटू काढायचं दुकान टाकलं, तेव्हा बाबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. धाकटीने सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी मिळवली, तेव्हा त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला फोन केला. शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता आला आणि फोन बंद झाले. हप्ता थोरलीने भरला.

त्यानंतर बाबा थोरलीशी पुन्हा बोलू लागले.

धाकटीला दोन नोकऱ्या सांगून आल्या. एक विमा कंपनीत, पगार दुप्पट. दुसरी शहराच्या आरोग्य कार्यालयात, कंत्राटी, काम साथीचा माग काढायचं. बाबांनी आयुष्यभर बस डेपोत हिशेब केलेले. त्यांनी हाही करून दाखवला: थोरली सहा वर्षं कमावतेय, आणि धाकटी आरोग्य कार्यालयात गेली तर पस्तिशीत शून्यावर येईल. शून्यावर यायला एवढं शिकावं लागतं हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असंही ते म्हणाले. आईचं म्हणणं, विमा कंपनीत एसी असतो.

धाकटीने आरोग्य कार्यालय धरलं. ज्यासाठी शिकले ते एकदा तरी करून बघू दे, एवढंच तिचं म्हणणं होतं. थोरलीने वर्षभर हप्ता भरायचं कबूल केलं. घरात पुन्हा विषय निघाला नाही. म्हणजे धाकटी समोर असताना निघाला नाही.

पाचव्या महिन्यात रक्तातून पसरणाऱ्या काविळीचे तीन रुग्ण कार्यालयात नोंदले गेले. तिघंही तरुण. धाकटी घरोघर जाऊन विचारून आली: दाताचे डॉक्टर, इंजेक्शनं, रक्त, दाढी. काहीच जुळेना. तिसऱ्याने पाणी देताना बाही वर केली. दंडावर गरुड होता. गरुडाची मान जरा आखूड होती, थोरली काढते तशी. हे कुणाच्या हातचं काम, हे धाकटीला विचारावं लागलं नाही. तरी तिने विचारलं, कारण विचारायचं असतं. मग उरलेल्या दोघांकडे परत गेली. एकाच्या पाठीवर विंचू निघाला, तोही त्याच दुकानातला.

तिने वरिष्ठ डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. दुकान बहिणीचं आहे हेही, आणि हप्त्याचंही. डॉक्टरबाईंनी चष्मा पुसला. तपासणीला दुसरा माणूस जाईल, म्हणाल्या, तू फक्त बरोबर जा.

सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. इथे टोचणारीचेच टोचायचे होते.

दुकान आरशासारखं लख्ख होतं. सुया नव्या, हातमोजे नवे. तपासनीस समाधानाने निघालाच होता. धाकटीने विचारलं, "ताई, सुई बुडवायला झाकणात काढलेली शाई उरली की तिचं काय करतेस?"

"बाटलीत परत ओतते. टाकून कशी देऊ? महाग येते ती."

म्हणजे सुई दर वेळी नवी, पण शाई सगळ्यांची मिळून एक. तपासनीस पुन्हा खाली बसला. थोरलीला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिने भिंतीला टेकून विचारलं, "किती जणांना झालं असेल?"

"तेच शोधायचंय."

दुकानाला टाळं लागलं. दोन रुग्णांना तिथूनच लागण झाली असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं, आणि झाली नाही असंही. थोरलीने सगळ्या बाटल्या तपासनिसाच्या ताब्यात दिल्या आणि गिऱ्हाइकांना स्वतः फोन लावायला बसली. नाव सांगायची, काय घडलं ते सांगायची, रक्त तपासून घ्या म्हणायची. बऱ्याच जणांनी शिव्या दिल्या. एकीने पैसे परत मागितले. एकाने विचारलं, तपासणीला येतोच आहे तर दंडावरच्या मांजराचे डोळे नीट करून मिळतील का. थोरली शिव्या ऐकून घ्यायची आणि पुढचा नंबर लावायची. लागण झालेली आणखी एक मुलगी सापडली. तिच्या पोटात बाळ होतं. वेळेत कळल्यामुळे बाळाला जन्मताच लस देता येणार होती. त्या मुलीनेही शिव्या दिल्या.

हप्ता अर्थातच थकला. बँकेने बाबांना फोन केला, बाबांनी तो धाकटीच्या हातात दिला. ती बँकेत गेली, मुदत वाढवून घेतली. हप्ता लहान झाला, कर्ज लांबलं. पस्तिशीची चाळिशी झाली. आता हप्ता ती स्वतः भरते आणि बसचा पास काढून उरलेल्यात भागवते. विमा कंपनीचा पुन्हा फोन आला होता, हे तिने घरी सांगितलं नाही.

थोरली पंधरा दिवस धाकटीशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी स्वतःच म्हणाली, "माझंही रक्त तपासायचं का?"

तपासलं. काही निघालं नाही. मग लस घ्यायला दोघी आरोग्य केंद्रात गेल्या. परिचारिकेने थोरलीचा दंड पुसला. हजारो कान टोचलेल्या थोरलीने डोळे घट्ट मिटले आणि धाकटीचा हात धरला.

"झालं?" तिने विचारलं.

"अजून सुरूही केलं नाही," परिचारिका म्हणाली.