तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

कोपऱ्यातली ती उबदार खोली गोलनारच्या हातची गेली, आणि ती घालवली तिनं स्वतःच, तेही अगदी गोड हसून.

झालं असं. हॉलिन हाउस या मुलींच्या वसतिगृहातली पहिल्या मजल्यावरची एक मुलगी भर नोव्हेंबरात लग्न ठरवून निघून गेली. तिची खोली एकटीची. तळघरात बॉयलर, त्याच्यावर वॉर्डन मिस पिकर्सगिल यांची बैठकीची खोली आणि तिच्या बरोबर वर ही. बॉयलरची जाड नळी दोन्ही खोल्यांच्या कोपऱ्यातून वर गेलेली. तिच्यावर मोजे टाकले तर चहा पिऊन होईपर्यंत वाळत. लीड्समधल्या इमारती तेव्हा अजून काजळीनं काळ्या होत्या आणि घराघरांत लोक एकाच खोलीत शेकोटी पेटवून बाकीच्या घरात ओव्हरकोट घालून हिंडत. अशा दिवसांत ती खोली म्हणजे राजवाडा.

मिस पिकर्सगिलनी गोलनारला बोलावून विचारलं, "ती खोली रिकामी झाली आहे. हवी का तुला?"

गोलनारच्या मनात कारंजी उडाली. पण ती अहवाजची, चांगल्या इराणी घरातली मुलगी. पहिल्याच शब्दाला हात पुढे करायला ती काय दुष्काळातून आली होती? ती म्हणाली, "छे छे, मला कशाला? माझ्यापेक्षा जास्त गरज असेल अशा कुणाला द्या."

आणि नजर खाली घालून दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत राहिली. दुसऱ्या वेळेला ती म्हणणार होती, 'तुम्हाला उगाच त्रास.' तिसऱ्या वेळेला, 'आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर...' तिच्या गावात साधा खजूर घ्यायचा तरी माणसं एवढं करतात. ही तर आख्खी खोली.

"किती समजूतदार आहेस!" मिस पिकर्सगिल म्हणाल्या. "मग नाताळच्या नाटकाचं सामान तिथे हलवते. खाली कोठीत त्याला ओल लागते."

दुसऱ्या दिवशी मेंढपाळांचे झगे, तीन मुकुट आणि देवदूतांचे पंख ऊब खात त्या खोलीत पडले, आणि गोलनार आपल्या जुन्या खोलीत परतली. हिलरीकडे.

हिलरी फार चांगली मुलगी होती, आणि तीच खरी अडचण. ती व्हिटबीच्या पाद्रीबुवांची लेक. समुद्रावरचं वारं पिऊन वाढलेली. बंद खिडकीत रोगराई माजते यावर तिची देवाइतकीच श्रद्धा. धुकं असो की हिमवर्षाव, तिची खिडकी सताड उघडी. "ताजी हवा, गोलनार! छातीभर घे!" असं म्हणून ती स्वतः पातळ गाऊनमध्ये गाढ झोपायची. अहवाजला उन्हाळ्यात चपलांचे तळवे रस्त्याला चिकटतात. तिथली गोलनार टोपी, मफलर आणि ओव्हरकोट घालून अंथरुणात शिरायची आणि सकाळी नाकाचा शेंडा जागेवर आहे का ते चाचपायची. तिला खोकला जडला होता. रंगांच्या रसायनशास्त्राचं पुस्तक धरायला बोटं वळत नव्हती. डिसेंबरात परीक्षा होती, आणि तिच्या भावानं, फरामर्जनं, विमानतळावर सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, "नाताळाआधी हिला आणायला मलाच यावं लागणार." ती नापास झाली असती तर फरामर्ज आयुष्यभर पुरणारी गोष्ट सांगत बसला असता.

ती अदुन्नीकडे गेली. अदुन्नी नायजेरियन, इबादानची, कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला, वयानंही थोरली. परदेशातून आलेली प्रत्येक नवी मुलगी पहिल्या आठवड्यात तिच्याकडे जायचीच. 'कशी आहेस' असं कुणी विचारलं तर कशी आहेस ते सांगायचं नाही, अंगाला लागून लोकरीचं घालायचं, निबंधावर प्राध्यापकांनी 'बरं जमलंय' लिहिलं तर तो पुन्हा लिहायचा, हे सगळं तिनंच शिकवलेलं.

अदुन्नी सामाईक स्वयंपाकघरात मिरची-टोमॅटोचा रस्सा ढवळत होती. सगळं ऐकून तिनं डाव खाली ठेवला.

"म्हणजे तिनं दिली आणि तू नको म्हणालीस?"

"एकदाच म्हणाले गं, ताई! एकदा म्हटलेलं नको कुठे मोजतात का?"

"इथे तेवढंच मोजतात, बये. मग जा आता आणि सरळ माग."

"तोंडानं मागू? नको म्हटल्यावर? माझी आई तिकडे लाजेनं जमिनीत जाईल." गोलनार खोकली. "आणि तरीसुद्धा गेले होते. त्या म्हणाल्या, 'बघते हं काय करता येतं.'"

यावर अदुन्नी इतकी हसली की रस्सा करपायला लागला. "बघते हं! अगं, बघते म्हणजे तुझी फाइल मिटली. तुला वाटतं की ही माणसं सरळ बोलतात, कारण नकोला नको समजतात. पण यांचं वाकडं दुसरीकडे असतं. 'एकदा आमच्याकडे यायलाच हवं तुम्ही' असं म्हणतात आणि पत्ता देत नाहीत. तू आलीस त्या दिवशी मिस पिकर्सगिलनी भाषण केलं होतं. काय म्हणाल्या शेवटी?"

गोलनारनं आठवलं. "'माझं दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे. चहाला केव्हाही या.'"

"दरवर्षी म्हणतात. मी तीन भाषणं ऐकली. आजवर एकही पोरगी गेलेली नाही, कारण इंग्रज पोरींना ठाऊक असतं की ते जायचं नसतं, आणि बाकीच्या आपल्या घाबरतात." अदुन्नीचे डोळे चमकले. "तुला थंडी वाजते. त्यांच्या खोलीत ती नळी आहे. त्यांनी बोलावलं आहे. शब्द पाळायला नको का त्यांना?"

चार वाजता मिस पिकर्सगिल चहा घेत. किटलीवर लोकरीचं टोपडं, फळांच्या केकची एक फोड, तिच्या शेजारी चीजचा तुकडा, आणि रेडिओ. त्या वेळी दार वाजवायची कुणाची छाती नव्हती. त्या दिवशी वाजलं.

"आले मी," गोलनार म्हणाली. "तुम्ही केव्हाही या म्हणाला होतात ना?"

मिस पिकर्सगिलनी तोंड उघडलं, मिटलं, आणि त्या म्हणाल्या, "हो. अर्थात. ये ना." दुसरं काय म्हणणार? त्यांनी रेडिओ बंद केला. "केक घेशील थोडा?"

"हो," गोलनार म्हणाली. पहिल्या विचारण्यालाच! आतून तिला लाजेनं मेल्यासारखं झालं, पण केक चांगला होता आणि नळी त्याहून. ती पाठ लावून बसली. हाडं एकेक करून विरघळत गेली.

जरा वेळानं मिस पिकर्सगिल म्हणाल्या, "बरं, मी तुला जास्त अडकवून ठेवत नाही हं."

"ठेवा ना," गोलनार म्हणाली. "मला काहीच काम नाही."

"तुला वाचायचं असेल पुष्कळ."

"पुस्तक आणलंय की बरोबर."

मिस पिकर्सगिलनी घड्याळाकडे बघितलं. "अगं बाई, इतके वाजले?"

गोलनारनंही बघितलं. "हो. बरोबर आहे तुमचं घड्याळ."

ती जेवणाच्या घंटेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार वाजलं. तिसऱ्या दिवशी ती अदुन्नीलाही घेऊन आली. अदुन्नीनं शेंगदाण्यांची पुडी आणली होती आणि एक चुलतभाऊ, त्याची दोन लग्नं आणि एका वडिलोपार्जित जमिनीचा खटला असा मोठा ऐवज आणला होता. चौथ्या दिवशी मिस पिकर्सगिल दार उघडताना म्हणाल्या, "मला जरा डोकं दुखल्यासारखं..." आणि गोलनारनं त्यांना धरून खुर्चीत बसवलं, पायांवर शाल घातली, स्वतः चहा केला आणि डोकेदुखी थांबेपर्यंत हलली नाही. डोकेदुखी चटकन थांबली.

पण खोलीचा विषय काही निघेना. आणि गोलनारला एक वेगळीच पंचाईत जाणवायला लागली. खोटं पाहुणपण करायला आलेली ती, तिला मिस पिकर्सगिल आवडायला लागल्या होत्या. चुलतभावाच्या खटल्यात त्या आता मधेच विचारायच्या, "पण त्या दुसऱ्या बायकोचं काय म्हणणं पडलं?" आणि केकच्या एकीऐवजी तीन फोडी आधीच कापून ठेवलेल्या असायच्या.

त्या आठवड्याच्या शेवटी अहवाजहून आईचं पार्सल आलं. अक्रोड भरलेले खजूर. गोलनारनं डबा उघडून मिस पिकर्सगिलपुढे धरला.

"नको, थँक यू," त्या म्हणाल्या.

"घ्या ना."

"खरंच नको. तुझ्या आईनं तुझ्यासाठी पाठवलेत."

"एक तरी घ्या. माझ्या जीवाची शपथ."

मिस पिकर्सगिलनी एक घेतला. मग डोळे मिटून दुसरा घेतला. बिया कुठे ठेवाव्यात म्हणून त्या जागा शोधत होत्या, तर बिया नव्हत्याच, अक्रोड होता. "पण मला एक सांग, पोरी. मी नाही म्हटलं होतं. तरी तू पुन्हा पुन्हा का विचारलंस?"

"पहिलं नाही कुठे खरं असतं?" गोलनार सहज म्हणाली. "पहिलं नाही म्हणजे नुसती सभ्यता. आमच्याकडे एकदा विचारून गप्प बसणाऱ्याला द्यायचंच नसतं, असं समजतात."

अदुन्नी शेंगदाणा सोलता सोलता थांबली. मिस पिकर्सगिलची नजर हळूहळू त्या नळीवरून वर चढत छतापर्यंत गेली.

"म्हणजे मी तुला ती खोली विचारली, तेव्हा..."

गोलनारनं मान खाली घातली. "मी तुमच्या दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होते."

"आणि मी देवदूतांचे पंख नेऊन ठेवले."

"त्यांना तरी ऊब मिळाली," अदुन्नी म्हणाली. "त्यांच्या अंगावर कपडे कमी."

मिस पिकर्सगिल लाल झाल्या. त्यांनी कपबशी खाली ठेवली, पाठ ताठ केली, घसा साफ केला. मोठ्या सभेत ठराव मांडावा तसं त्यांनी विचारलं, "गोलनार, तुला वरची खोली हवी आहे का?"

गोलनारच्या जिभेवर 'नको' आलंच होतं, जन्माची सवय ती. पण अदुन्नीनं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. गोलनारनं श्वास घेतला आणि इंग्रजांसारखं खाडकन म्हटलं, "हो. हवी."

मिस पिकर्सगिलचा चेहरा पडला. "अगं! मला अजून दोनदा विचारायचं होतं."

"काय?"

"तुमच्या पद्धतीनं. मी मनात वाक्यं तयार केली होती."

गोलनार त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. तिनं ओव्हरकोट सावरला, नजर खाली घातली आणि अत्यंत खानदानी सुरात म्हणाली, "छे छे, मला कशाला? कुणा गरजूला द्या."

"गोलनार!" अदुन्नी कुजबुजली. "हातात आलेली खोली आहे!"

"नाही, नाही, तुला घ्यायलाच हवी," मिस पिकर्सगिल म्हणाल्या. त्यांना चांगलाच रंग चढला होता.

"तुम्हाला उगाच त्रास. ते पंख कुठे ठेवाल?"

"घे गं बाई! घे म्हणते ना!" अदुन्नीच ओरडली.

"तू गप्प बस, तुझं विचारणं धरत नाहीत," मिस पिकर्सगिल म्हणाल्या, आणि मग थोडं थांबून, छातीवर हात ठेवून, "गोलनार, माझ्या जीवाची शपथ."

"आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर," गोलनार म्हणाली, आणि पुढचं वाक्य मात्र तिला पुरं करता आलं नाही. खोकला आला. निदान तिनं तरी सगळ्यांना तसंच सांगितलं.

पंख त्याच संध्याकाळी हिलरीच्या खोलीत गेले. हिलरीनं आनंदानं जागा दिली. "त्यांनाही हवा लागायलाच हवी," ती म्हणाली आणि खिडकी आणखी उघडली.

नव्या खोलीत गोलनारनं पहिलं काम केलं ते खिडकीची कडी घट्ट लावण्याचं. मग नळीपाशी बसून ती अभ्यासाला लागली. बोटं वळत होती. खोकल्यासाठी अदुन्नीनं आल्याचा काढा दिला होता, पण त्याला फारसं काम उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. गोलनारनं पुस्तकातून मान वर केली. आता खाली जायला काही कारण नव्हतं. ऊब इथेच होती. शिवाय बिचारीला इतक्या दिवसांनी तिचा रेडिओ ऐकू द्यावा, असा विचार करून ती पुन्हा वाचू लागली.

नळी वाजली. टण्. खालून कुणीतरी चमच्यानं हलकेच वाजवावी तशी.

गोलनारनं पान उलटलं.

पुन्हा टण्. या वेळी जरा जोरात.

ती उठली. आरशासमोर जाऊन केस नीट केले, खजुरांचा डबा काखेत घेतला, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून तिसऱ्याची वाट बघत उभी राहिली.