पितांबरदादाने पाडलेले वाटे

वाटणीत आमच्याकडे रीत आहे: वाटे थोरल्याने पाडायचे आणि पहिला वाटा धाकट्याने उचलायचा. थोरल्याला लबाडी करायला जागाच नको. पितांबरदादाने तरीही जागा काढलीच.

दोंडाईच्याजवळ दोघा भावांच्या नऊ एकरांत निम्मं मोकळं रान होतं आणि निम्म्यात अंजन-खैराचं जुनं जंगल. सातबाऱ्यावर त्याची ‘खाजगी वन’ म्हणून नोंद. तिथे फांदी तोडायची चोरी, मग प्लॉट कुठले? आणि दादाला नेमके प्लॉटच पाडायचे होते. घ्यायला जिनेशशेठ तयार होता. मोकळं रान विकायचं, दोंडाईच्यात स्टेशनजवळ घर बांधायचं आणि धाकट्या झुलालचं तोंड पुन्हा म्हणून बघायचं नाही, एवढाच दादाचा बेत. त्याने जंगलाच्या वाट्यात विहीर घातली, डांबरी रस्ता घातला, वर दोन आंबे घातले. झुलाल विहिरीला भुलणार, याची त्याला खात्री होती.

झुलालने मोकळं रान उचललं.

दादा तडक कोर्टात गेला. वकील म्हणाले, "झुलालच्या वाट्यातही जंगल निघालं, तर ही वाटणी मोडेल. वाटे नव्याने पडतील."

मग काय, दादाने जंगल निघायची सोय केली. निकालापर्यंत जमीन पडीतच होती. दर पावसाळ्यात, भर दुपारी गाव आडवं झालं की तो धोतराच्या ओच्यात खैराच्या न् अंजनाच्या बिया घेऊन भावाच्या रानात शिरायचा. बांधालगत चार हातांचाच पट्टा लावायचा, असं ठरवलं होतं. पण हात शिवशिवायचे. कोर्टात सहा वर्षं तारखांवर तारखा पडल्या आणि रानात बियांवर बिया. भावाचं वाटोळं करायला हा सत्तरीचा म्हातारा इतका वाकला, की त्याची कंबरदुखी पळाली. घरात कुणी सांगितलं असतं, तर तो एक तण उपटायला वाकला नसता.

शेवटी कोर्टाच्या हुकमाने पाहणीला वनखात्याच्या सारिका मॅडम आल्या. दोघा भावांना मागे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या. खैराच्या काट्यांनी त्यांची ओढणी फाडली.

"मोकळं रान कुठंय?" त्यांनी विचारलं.

दादाने पूर्वेला बोट केलं. तिथे खैर. पश्चिमेला केलं. तिथे पुरुषभर अंजन.

"सगळा गटच जंगल झालाय, आजोबा. परवानगीशिवाय एक झाड तुटणार नाही. प्लॉट विसरा. आणि वाटे तरी आता कशाचे पाडता?"

दादाचं सगळं मुसळ केरात!

मॅडम मात्र अजून झाडांकडेच बघत होत्या. "पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही रोपं जगली कशी? पाणी कुणी घातलं?"

"मी," झुलाल म्हणाला.

सहा वर्षांत दादा पहिल्यांदा भावाशी बोलला. "गधड्या! झाडं मी लायात, आनि पानी तू दिधं?"

"हा."

"कोठलं पानी?"

"तुन्हीच विहीरनं."

"पन कसाले?"

झुलालने टोपी काढून डोकं खाजवलं. "वाटनी व्हयनी म्हंजे तू दोंडाईचाले जाशी, दादा. मंग मी आठे कोनासंगे भांडसू?"

दादाचे डोळे भरून आले. मॅडमसमोर रडायची भलतीच लाज वाटली, म्हणून तो खेकसला, "तो खैर तिरपा वाढी ऱ्हायना, तुले दिसत नही का? आधार कोन देई?"

आणि दोघं भांडत भांडत झाडीत शिरले.