उष्टावणाचा बोरू

चांगदेवला काय आवडतं, हे निरगुडसरच्या त्या घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं कशाला? पोर साडेसहा महिन्यांचं असतानाच ते ठरून गेलं होतं, आणि तेही चारचौघांच्या डोळ्यांदेखत.

उष्टावणाचा दिवस होता. मामानं खिरीचं बोट तोंडाला लावलं, बायकांनी ओवाळलं, आणि मग जोशीबुवांनी पाटासमोर एकेक वस्तू मांडली. शेतातलं ढेकूळ, खुरपं, कापडाचा तुकडा, पोथी आणि बोरू. पोर पहिल्यांदा ज्याला हात लावील त्यावर त्याचं पोट चालायचं, अशी रीत. चांगदेवची थोरली चुलती लंकाबाई, तिच्या पोरानं दोन वर्षांमागं ढेकूळच उचललं होतं, आणि नुसतं उचललं नाही, थेट तोंडात घातलं होतं. सगळं घर खोखो हसलं होतं. आता ते पोर शेतातून घरी यायला तयार नसायचं.

चांगदेव मात्र पाटावर बसून राहिला. हात मांडीवर, डोळे टक्क उघडे.

त्याची आई साळुबाई तेव्हा सतरा वर्षांची होती. आधीचं मूल तिच्या कुशीत तीनच दिवस राहिलेलं. त्यामुळं हे पोर झोपलं की छातीवर हात ठेवून बघायची, जागं असलं की का झोपत नाही म्हणून बघायची. आज समोर बायकांत बसून ती त्याच्या हाताकडं बघत होती. हात काही हलेना.

"आळशी हाय गं साळू, तुजं पोर," लंकाबाई म्हणाली. "समदं बापाचं घेतलंय."

बायका हसल्या. पण कोपऱ्यातली एक म्हातारी हसली नाही. "हात न लावणारं पोर म्या आजवर बघितलं न्हाई बाई," ती म्हणाली. "ज्याला कशाचीच वढ न्हाई, ते हितं कशाला ऱ्हाईल?"

साळुबाई उठली, "झबलं वर चढलंय वाटतं," असं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली आणि पोराच्या मागं जाऊन बसली. पदराच्या आडून तिनं त्याचं कोपर हळूच पुढं ढकललं. हात बोरूवर पडला. बोटं मिटेनात, तेव्हा तिनं वरून आपली बोटं मिटली.

"बोरू! बोरू धरला बघा!"

बोरू सगळ्यांना दिसला. पदराखालची बोटं कुणाला दिसली नाहीत. त्याचा बाप भिमाजी, गडी कधी दात न दाखवणारा, त्या दिवशी गावभर गूळ वाटून आला.

तेवढ्यावर चांगदेव शाळेत गेला. शाळा त्याला नकोशी नव्हती आणि हवीशीही नव्हती. पास होत गेला, पहिला नाही, शेवटचा नाही. इतर पोरं सुटीत कुणी कबुतरांमागं, कुणी तालमीत, कुणी भजनात. हा आपला जिथं बसवला तिथं. साळुबाई बघत राहायची. हा कशापाशी थांबतो, एवढंच तिला बघायचं होतं. नारायणगावच्या बाजाराला त्याला मुद्दाम पुढं घालायची आणि आपण चार पावलं मागं चालायची. तांबटाच्या ठोक्यापाशी थांबेल, खोगीर शिवणाऱ्यापाशी थांबेल, निदान शेवेच्या परातीपाशी तरी. तो मागं वळून विचारायचा, "आये, तुला काय घ्यायचंय?"

घेवरचंदशेठच्या दुकानात सदऱ्याचं कापड घ्यायचं होतं. शेठनं चार ताग्यांची घडी मोडली. "बोला चांगदेवराव, कंचा रंग?"

"कंचाबी चालंल."

"अरे राव, येणारं हरेक गिऱ्हाईक मला दमवतं," शेठ हसत म्हणाला, "पण तू एकटाच असा, की मलाच इचारात पाडतोस."

साळुबाईही हसली. घरी येईपर्यंत मात्र तोच शब्द तिच्या कानांत होता. चालंल. भाकरी चालंल, भात चालंल, थंडीत वाकळ नसली तरी चालंल. ती म्हातारी कधीच वारली होती, पण तिचं बोलणं काही मेलं नव्हतं.

दिल्लीला गोऱ्या बादशहाचा दरबार भरला आणि शाळाशाळांतून पोरांना पेढे वाटले, त्या साली चांगदेव पिंपरी पेंढारच्या शाळेत हाताखालचा मास्तर म्हणून लागला. वय एकोणीस. वर्षभरानं, कार्तिकात, तिथले थोरले मास्तर भगवंतराव स्वतः निरगुडसरला आले. चांगदेवला बरोबरच घेऊन आले होते. ओसरीवर बसून गूळपाणी झालं. चांगदेव खांबाशी उभा.

"भिमाजी, तुमचा मुलगा गुणी आहे," भगवंतराव म्हणाले. "खोटं बोलत नाही, छडी उगारत नाही. पण मुलं विचारतात, मास्तर, धडा वाचू का गणित करू? हा म्हणतो, काहीही करा. मुलांना तर देवच भेटला!"

भिमाजीला हसू आलं नाही. मग मास्तरही हसायचे थांबले.

"फळ्यापुढं उभा राहिला की वाटतं, हा कुणाची तरी वाट बघतोय. कुणी येईल आणि सांगेल, अशी." त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. "सोमवारी दिपोटी साहेब तपासणीला येताहेत. पुण्याच्या कॉलेजात मास्तरकी शिकायला एकाचं नाव द्यायचंय. हा अर्ज. दोन वर्षं तिथं काढायची आणि मग जन्मभर हेच. सही याची हवी, आणि मनापासून हवी. नको असेल तर तसं सांग बाबा, दुसऱ्याचं नाव देतो. पण रविवारी माझ्यापर्यंत काय ते पोचलं पाहिजे."

मास्तर गेले. भिमाजी लेकाकडं वळला. "ह्यात इचार कसला करायचा? बोरू धरला व्हतास तू. समद्या गावानं बघितलंय. देवानं दिल्यालं घ्यायला बी जड जातंय व्हय?"

चांगदेवनं कागद घडी करून खिशात ठेवला. दोन दिवस तो तसाच राहिला.

शनिवारी दुपारी साळुबाई खळ्यावर बियाणं निवडायला बसली होती. बाजरीच्या ढिगातनं टपोरी, घट्ट भरलेली कणसं बाजूला काढायची, तीच पुढच्या पेरणीला. चांगदेव येऊन शेजारी बसला आणि हात लावू लागला. एक कणीस उचलायचा, फिरवून बघायचा, परत ठेवायचा.

"आये, बियाला कंचं घ्यायचं ते कळतं कसं गं तुला?"

"डोळ्यात भरतं ते घ्यायचं."

त्यानं आणखी एक उचललं. "माज्या डोळ्यात कायबी भरत न्हाई." आवाज इतका साधा होता, जणू पाणी संपलंय एवढंच सांगतोय. "आये, बोरू मला देवानं दिला. मी त्यो इमानानं चालवला. पर हात बसत न्हाई. शेतावर गेलो, तर लंकाकाकीचा पोरगा मातीचा वास घिऊन सांगतो पाणी कवा द्यायचं, मला वासच येत न्हाई. माणसाला कायतरी आवडत असतंय. मला देवानं दिल्यालं बी आवडत न्हाई. कायतरी उणं हाय माज्यात, नव्हं?"

साळुबाईनं हातातलं कणीस खाली ठेवलं. एवढी वर्षं जे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, ते तिच्या तोंडून निघून गेलं.

"देवानं न्हाई दिला, बाळा. तू कशालाच हात लावला न्हवतास. म्या ढकलला तुजा हात. बोटं बी म्याच मिटली."

तिला वाटलं, आता सुटेल हा. वीस वर्षं पोराच्या मानेवर ठेवलेलं जू आपण उतरवलं, आता उठेल, कागद फाडेल, कुठंही जाईल. तसं झालंही क्षणभर. त्याचा चेहरा सैल पडला, तो चक्क हसला. "आयला! आनि बा गावभर गूळ वाटत हिंडला!"

तीही डोळे पुसत हसली.

"मग मी काय करीत व्हतो तवा? कशाकडं बघत व्हतो?"

"कशाकडंच न्हाई रं. नुसता बसला व्हतास."

त्याचं हसू तसंच ओठांवर राहिलं, पण आत काही उरलं नाही. "म्हंजी तवापासनंच," तो म्हणाला.

"आरं, तसं न्हाई..."

"ऱ्हाऊ दे आये." त्यानं घरात जाऊन दौत-टाक आणला, खिशातला कागद काढून मांडीवर पसरला आणि सावकाश, वळणदार अक्षरात सही केली. "देवाचा न्हवता तर न्हवता. तू दिल्याला तरी हाय. चालंल."

तो उठून गेला. तिनं पुन्हा कणसं घ्यायला हात घातला आणि हात तसाच ढिगात राहिला. कारण आत्ता तिला ते दिसलं. उष्टावणाच्या दिवशी ती बायकांतनं उठून त्याच्या मागं गेली, तेव्हा पोराची मान तिच्याबरोबर वळत आली होती. ती पाठीशी बसली तरी तो वळून वळून तिलाच शोधत होता. कशाकडंच नाही असं नव्हतं. समोरच्या पाच वस्तू सोडून तो तिच्या तोंडाकडं बघत होता. आणि तिचं तोंड तर तेव्हा भ्यालेलं होतं.

बाजारातही तो तसाच मागं वळायचा. तिनं त्याच्यावर नजर ठेवली होती, आणि तो तिच्यावर. ती काय म्हणते, तिला कशानं बरं वाटेल, ह्यात त्याचं स्वतःचं बघायचं राहूनच गेलं होतं.

तिनं हे त्याला सांगायचं ठरवलं. पण संध्याकाळी भिमाजी सहीचा कागद दिव्यापाशी धरून बसला होता, अक्षर ओळखू न येणाऱ्या डोळ्यांनी तो कागद न्याहाळत होता, आणि चांगदेव बापाकडं बघून हसत होता. काय सांगायचं, आणि सांगितलं तरी तो त्याचं काय करणार? तुला हवं ते कर, असं आईनं म्हटलं तर तो तेही तिच्यासाठीच करील.

रविवारी उजाडता गावातल्या रखमाजीची बैलगाडी नारायणगावला निघाली. चांगदेव तिच्यातनं जाणार होता, पुढं पिंपरी पेंढारपर्यंत पायी. पाया पडला, बापानं पाठीवर हात ठेवला, गाडी पांदीला लागली. वळणावर तो गाडीतनं खाली उतरला आणि मागं वळून उभा राहिला.

साळुबाई बांधावर होती. तिला कळलं, तो तिच्या तोंडाकडं बघतोय. हसले तर जाईल. रडले तर माघारी येईल. दोन्हीपैकी काहीच आपलं नको. एकदा तरी त्याचं त्याला ठरवू दे. तिनं दोन्ही हातांनी पदर ओढला आणि पूर्ण तोंड झाकून घेतलं. आतल्या अंधारात तिला बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, एका जागी, थांबलेला. खूप वेळ तो तसाच आला. मग हळूहळू लांब गेला.

पदर काढला तेव्हा वळण मोकळं होतं.

तिसऱ्या दिवशी रखमाजी गाडी घेऊन परतला. ती वाटेतच उभी होती.

"पोचला का?"

"पोचला की. नारायणगावात मास्तरांचाच मानूस भेटला, त्येच्या हातात कागद दिला बी." रखमाजीनं बैलांच्या पाठीवर हात फिरवला. "पर वयनी, त्या वळनावर लई येळ उभं व्हतं बगा पोर. मला इचारलं, रखमाजीकाका, आय हसतीया का रडतीया, तुमास्नी दिसतंय का? म्या म्हनलं, तोंडावर पदर हाय, कायबी दिसंना. मग आनिक थोडं थांबलं. मग बसलं गाडीत."

"काय म्हनला?"

"काय न्हाई. म्हनला, चला. चालंल."