वाटणी म्हणजे अर्धं-अर्धं नव्हे

एका जिवाणूचे दोन कसे होतात, यावरचा जीवशास्त्राच्या बाईंचा धडा छान उतरला होता. घोडं अडलं होतं ते चित्रापाशी. पाठ्यपुस्तकातली चित्रं काढायचं काम दिराला मिळवून दिलं ते बाईंनीच, त्यामुळे हा धोंडा आपणच पायावर पाडून घेतला, हे त्या मुकाट्याने स्वतःच्या खाती मांडत होत्या. छापखान्याचा माणूस बाहेर येऊन बसला होता. चित्र आत्ता मिळालं नाही तर धडा चित्राविना छापणार होते, आणि चित्राविना तो धडा म्हणजे पोरांना नुसती घोकंपट्टी.

पहिल्या चित्रात दिराने जिवाणूच्या पोटात दोऱ्यांचं जाळं विणलं, गुणसूत्रं दोन टोकांना ओढणारं. बाईंनी समजावलं, की असे दोरे माणसांच्या, झाडांच्या मोठ्या पेशींत. जिवाणूकडे हा थाटमाट नसतो. त्याचं गुणसूत्र बहुधा एकच, कड्यासारखं गोल. दिराने मान डोलावली, दोरे खोडले, आणि कडं मधोमध कापून दोन्ही नव्या पेशींच्या पदरात एकेक चंद्रकोर टाकली.

बाईंनी कपाळाला हात लावला. दुसरा कोणी असता तर फैलावर घेतला असता. पण दीर पडला, त्यात गोडबोल्या.

"अहो भाऊजी, कडं कापलंत कशाला?"

"वहिनी, तुम्हीच खाली लिहिलंय, 'गुणसूत्राची वाटणी'. वाटणी म्हणजे अर्धं-अर्धं. आम्हा भावांत ते कपाट..."

कपाटाचा विषय बाईंनी तिथेच मिटवला. शब्द मात्र त्यांचाच नडला होता. तो खोडून त्यांनी 'नक्कल आणि फारकत' लिहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: कड्यावर एका जागी नक्कल सुरू होते, दोन्ही अंगांनी पुढे सरकते, ती पुरी होण्याआधीच आरंभाच्या दोन जागा एकमेकींपासून लांब जाऊ लागतात. शेवटी दोन अखंड कडी, मधे भिंत.

तिसरं चित्र अगदी तसं उतरलं. दीर मान तिरकी करून ते न्याहाळत राहिला.

"पण वहिनी, यातलं अस्सल कुठलं?"

थाप मारून सुटता आलं असतं. पण बाई हाडाच्या मास्तरीण. "दोन्ही. कडं दुपदरी असतं, भाऊजी. प्रत्येकात एक पदर जुना, एक नवा."

"म्हणजे जुनं अर्धं-अर्धंच वाटलं की," असं म्हणून त्याने खोडरबर उचललं.

बाईंनी त्याच्या कोपराखालून कागद ओढला, बाहेर जाऊन छापखान्याच्या माणसाच्या हाती दिला आणि तो जिना उतरेपर्यंत दारात आडव्या उभ्या राहिल्या.