पायऱ्या गेल्या, बाव राहिली

मित्रांनो, चिंचणीजवळ खाडीच्या काठाला मच्छीमारांची एक वस्ती आहे. तिच्या मागे, माडांच्या सावलीत, दगडी कठड्याची जी जुनी विहीर दिसते ती मी. इकडची माणसे मला बाव म्हणतात. माझी हकिगत सांगायची तर जमनाची सांगावी लागते. ती नसती तर आज माझे पाणी कोणी प्याले नसते.

माझा जन्म एका नवसाचा. वादळात सापडलेली होडी सुखरूप किनाऱ्याला लागली, म्हणून त्या होडीच्या तांडेलाने, म्हणजे मुख्य नावाड्याने, मला खोदवले. समुद्र हाकेच्या अंतरावर, आसपासच्या विहिरी खाऱ्या, आणि माझ्या तळाला मात्र गोड झरा लागला. तांडेलाने ओंजळभर पाणी पिऊन पाहिले आणि तो धडधाकट माणूस लहान मुलासारखा रडला. बायकांना दोर ओढायचे कष्ट नकोत म्हणून त्याने काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या बांधल्या, थेट पाण्यापर्यंत. त्या पायऱ्यांचे गावाला फार कौतुक होते. नव्या नवरीला आधी माझ्या पायऱ्यांवर हळदकुंकू वाहायला आणत.

जमनाही तशीच आली होती. तांडेलाचा नातू पुंडलिक, त्याची ती बायको. सासू काशीबाई तिच्या पुढे चालत होती. जमना भराभरा पायऱ्या उतरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "आय, किती थंड हाय गो!" काशीबाईचा चेहरा अभिमानाने फुलला. "माझ्या सासऱ्याची पुण्याई हाय ती," ती म्हणाली.

त्या पाण्यात काय होते ते तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

दर उन्हाळ्यात वस्तीवर नारू यायचा. कोणाच्या घोट्याशी, कोणाच्या पोटरीवर फोड उठे. आग आग होई. फोड फुटला की पांढऱ्या दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर डोकावे. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सुजून खांबासारखा होई. ऐन मासळीच्या दिवसांत धडधाकट तांडेल ओट्यावर पाय पसरून बसत, होड्या रिकाम्या डोलत राहत. कोणी म्हणे देवीचा कोप, कोणी म्हणे उन्हाचा ताप. पुंडलिकला नारू झाला त्या वर्षी सगळा हंगाम जमनाने एकटीने ओढला. पहाटे मासळीची टोपली डोक्यावर घेऊन ती बोईसरच्या बाजाराला जाई आणि परत आल्यावर नवऱ्याचा पाय शेकत बसे.

तिकडे तारापूरला वीज केंद्राचे बांधकाम नुकते सुरू झाले होते. त्याच सुमारास आरोग्य खात्याचा आत्माराम नावाचा माणूस सायकलवरून वस्तीवर येऊ लागला. त्याने माझे पाणी काचेच्या पेल्यात घेतले, उन्हात धरले आणि बायकांना बोलावले. पाण्यात धुळीच्या कणांसारखे काहीतरी टुणटुण उड्या मारत होते.

"हे किडे पोटात जातात," तो म्हणाला. "त्यांच्या आत नारूचं पिल्लू असतं. ते वर्षभर अंगात वाढतं आणि पायातून बाहेर पडतं. तो पाय पाण्यात बुडाला की नवी पिल्लं पाण्यात सुटतात. पाय पाण्यात गेला नाही, तर नारू संपला."

"आनि पाय न घालता पानी भरायचं कसं?" एकीने विचारले.

"पायऱ्या काढायच्या. भिंत बांधून वर कठडा करायचा, कप्पी बसवायची. तोपर्यंत दुहेरी कापडानं पाणी गाळून प्या."

काशीबाई ताडकन उठली. "तुमी सायेब असाल तुमच्या हापिसात. माझ्या सासऱ्यानं नवस फेडला तो या पायऱ्यांनी. त्यांना हात लावाल तर मी हितं जीव देईन."

बायका घागरी उचलून गेल्या. जमना मात्र त्या दिवसापासून जुन्या लुगड्याच्या कापडाने पाणी गाळू लागली. वस्तीत तिला हसत. तिने हसू दिले.

पण तिने गाळायला सुरुवात केली त्याच्या आधीच नारू तिच्या अंगात शिरला होता. पुढच्या उन्हाळ्यात तिच्या घोट्यावर फोड उठला.

मित्रांनो, ती दुपार मी अजून विसरले नाही. जमना लंगडत आली आणि सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. पायाची आग अशी होती की तिचे ओठ दातांखाली दाबले गेले होते. खाली माझे थंड पाणी होते. चार पायऱ्या उतरून पाय बुडवला असता तर क्षणात बरे वाटले असते. मलाही वाटत होते, ये बाई, उतर. ती पाण्याकडे बघत राहिली, पण उतरली नाही.

काशीबाई घागर घेऊन आली. सुनेला तशी बसलेली बघून तिचा जीव कळवळला. "अगो, बसलीस काय अशी? पाय घाल पान्यात. थंड वाटेल."

"नाय, आय."

"हट्ट करू नको. तो सायेब काय पन सांगतो."

जमनाने पाय आणखी वर ओढून घेतला. "आय, समजा सायेब खोटा हाय. मग माझा पाय थोडा जास्त दुखेल, एवढंच. पन तो खरा असंल तर? मी आज पाय बुडवला, उद्या तुमी याच पान्याची घागर भरून नेली, आनि आपल्या रामूला पाजली. पुढच्या साली त्याच्या पायाला काडी कोन बांधील? तुमी का मी?"

रामू म्हणजे जमनाचा लहानगा. काशीबाई पायऱ्या उतरून पाण्याच्या काठाशी आली. तिथे घागर भरायला ती वाकली, आणि तशीच थांबली. पाण्याला लागलेल्या आपल्याच पायांकडे तिने पाहिले. मग रिकामी घागर घेऊन वर आली आणि सुनेच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वस्तीतल्या सगळ्यांना बोलावले. प्रत्येक पायरीवर फूल ठेवले, नारळ फोडला. हात जोडून म्हणाली, "मामंजी, तुमी बायांचे कष्ट वाचवायला ह्या बांधल्या. आता पोरांचे पाय वाचवायला आमी काढतो. राग धरू नका." आणि गड्यांकडे वळून म्हणाली, "दगड फेकायचे नायत. कठड्याला लावायचे."

मग काय गडबड उडाली! मृग लागायच्या आत काम उरकायला हवे होते, नाहीतर पावसाचा सगळा गाळ माझ्या पोटात आला असता. पंचायतीने सिमेंट मिळवून दिले. समुद्राची रेती खारी, ती बांधकामाला चालत नाही. तेव्हा शेजारच्या पानवेलीच्या वाडीचे मालक नरहरी यांनी आपली बैलगाडी जुंपून सूर्या नदीची रेती आणली. पुरुषांनी होड्या लवकर वर ओढल्या आणि पहारी घेतल्या. बायकांनी ओळ धरून घमेली वाहिली. जमना पाय पसरून बसल्या जागी खडी फोडत होती. आत्माराम सायकल माडाला टेकवून चिखलात उतरला होता.

पायऱ्या निघाल्या तेव्हा मला दुखले. खोटे कशाला सांगू? आजवर पोरीबाळी खाली येऊन माझ्याशी गुजगोष्टी करत. आता माझ्याकडे येणार होती ती फक्त बादली. पहिले काही दिवस बायकांच्या तळहातांना फोड आले. त्या मला आणि जमनाला एकत्रच बोल लावत.

खरी कसोटी मात्र पुढच्या उन्हाळ्यात लागली. वस्तीत पुन्हा नारू निघाला! त्यात नवशा नावाच्या मच्छीमाराच्या बायकोचा पाय फारच सुजला. नवशा पहार घेऊन माझ्यापाशी आला. मागे आणखी पाचसहा जण होते.

"पायऱ्या गेल्या, नवस मोडला, आनि नारू हाय तसाच," तो ओरडला. "फोडा हा कठडा!"

जमना धावत आली आणि कठड्याला पाठ लावून उभी राहिली. "नवशा भावजी, सायेब काय म्हनाला होता? नारू अंगात वरीसभर वाढतो. हा आज निघालाय तो पायऱ्या होत्या तेव्हाच्या पान्याचा. वयनीचा पाय माझ्यासारखाच दुखतोय, मला कळतं. एक उन्हाळा थांबा."

"आनि पुढच्या उन्हाळ्यात पन निघाला तर?"

"तर तुमची पहार मला द्या. पयला घाव मी घालीन."

मग काशीबाई हळूहळू चालत आली आणि सुनेशेजारी कठड्याला टेकून उभी राहिली. ज्या बाईने पायऱ्यांसाठी जीव द्यायची भाषा केली होती, तीच तिथे उभी राहिलेली बघून नवशाने पहार खाली घेतली आणि तो घरी गेला. त्या वर्षी बायका आजाऱ्यांसाठी पाणी भरून नेत. दुखरा पाय घेऊन कोणाला माझ्याजवळ येऊ देत नसत.

पुढची होळी झाली. वस्तीतला प्रत्येक जण सकाळी उठला की आधी पाय तपासू लागला. चैत्र गेला, काही नाही. वैशाखात एके सकाळी रामू लंगडत, रडत आला. घोटा लाल झाला होता. जमनाच्या हातातला दोर सुटला आणि बादली धाडकन माझ्यात पडली. काशीबाईने नातवाला मांडीवर घेतले, घोटा दाबला आणि आतून टचकन बाहेर आला तो शिंपलीचा तुकडा!

"शिंपली हाय गो, शिंपली!" काशीबाई ओरडली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले. नवशाची बायको धावत आली आणि तिने तो तुकडा सगळ्यांना फिरवून दाखवला. त्या उन्हाळ्यात वस्तीत एकालाही नारू निघाला नाही. होड्या भरून परतल्या.

ही बातमी जमनाच्या टोपलीबरोबर दारोदार गेली. ती मासळी विकायला बसली की पाणी गाळायचे आधी सांगे आणि भाव मग. पावसाळ्यानंतर आतल्या एका गावच्या बायका बैलगाडीतून मला बघायला आल्या. त्यांच्याकडेही पायऱ्यांची विहीर होती आणि नारूही होता. काशीबाईने स्वतः बादली ओढली, त्यांना गाळलेले पाणी दिले आणि विचारले, "तुमच्या पायऱ्या कोनी बांधल्या?"

"आमच्या आज्यानं," त्यांतली एक संकोचून म्हणाली. "म्हनून तर काढायला कोनी धजत नाय."

"मग त्याला नमस्कार करा," काशीबाई म्हणाली, "आनि काढून टाका."

मित्रांनो, त्या गावानेही पायऱ्या काढल्या असे जमना सांगते. मी अजून इथेच आहे. माझी कप्पी कधी कुरकुरते, माझ्याभोवतीच्या ओट्याची मोरी कधी तुंबते, कोणी दोर मातीत टाकून जाते. तेवढे सांभाळा. भांडी माझ्या कठड्यावर घासू नका. पाणी कितीही गोड लागले तरी गाळून प्या. माझ्या पाण्यात काय आहे ते मला आतून दिसत नाही. तुम्हाला वरून दिसते. म्हणून पाहत राहा.